पळताना, खेळताना स्पोर्ट्स ब्रा कशी निवडता? माहिती आणि अनुभव हवेत

माणदेशी

नमस्कार. हा धागा काढावा की नाही यात चार दिवस गेले. मला जे बेचाळिसाव्या वर्षी कळलं ते एखाद्या विशीतल्या मुलीला आजच कळावं, म्हणून लिहिते आहे.

मी साताऱ्यात राहते. मागच्या दिवाळीनंतर चालायला लागले, फेब्रुवारीपासून हळूहळू पळायला. इथल्या हिल हाफ मॅरेथॉनला एकदा तरी उतरायचं, यवतेश्वरचा घाट पळत चढायचा, असं मनात आहे. तीन किलोमीटरपर्यंत काही त्रास नसायचा. पाचच्या पुढे गेले की छातीत वरच्या बाजूला आणि काखेकडे दुखायला लागायचं. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळतानाही जाणवायचं. माझे वडील हृदयविकाराने गेले, त्यामुळे मनात दुसरं काही आलंच नाही. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, टीएमटी झाली. सगळं व्यवस्थित. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पळताना आतून काय घालता?" मी म्हटलं, रोजचीच, सुती. त्या म्हणाल्या, "हृदय छान आहे तुमचं. आधार कमी पडतोय."

दवाखान्यातून बाहेर आल्यावर मला रडू आलं. दीड महिना मी घाबरून घरात बसले होते.

मग बाजारात गेले. दुकानात काउंटरपलीकडे एक तरुण मुलगा. माप विचारलं नाही, मलाही सांगायचा धीर झाला नाही. "ताई, फ्री साइज आहे, ताणते" म्हणून त्याने दोन बांधून दिल्या. घालून बघायची सोय नव्हती आणि परतही घेत नाहीत. एकीत श्वास घेता येत नाही. दुसरी घातली काय, न घातली काय, सारखंच.

तर मला विचारायचंय ते असं. माप घरी कसं घ्यायचं? एस-एम-एल घ्यायची की आकड्याची? पॅड हवेत की नकोत? आणि घट्ट म्हणजे नक्की किती घट्ट?

रानजाई

माणदेशी, आधी हृदय तपासून घेतलंस हे अगदी योग्य केलंस. या धाग्यावरून कुणीही छातीतलं दुखणं परस्पर "ब्राचं असेल" म्हणून सोडून देऊ नये. दम लागणं, घाम फुटणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं असलं काही असेल तर आधी डॉक्टर.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दुखतं का, ते कळलं की निवड सोपी होते, म्हणून थोडं शरीराबद्दल. स्तनांत स्नायू नसतात. आत चरबी आणि दूधग्रंथी असतात, आणि त्यांना धरून ठेवायला वरची त्वचा आणि आतले बारीक तंतूंचे बंध. त्यांना कूपर लिगामेंट्स म्हणतात, एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांच्या नावावरून. छातीचा मोठा स्नायू आहे तो या सगळ्याच्या मागे, बरगड्यांवर. जोर-दंड काढून तो बळकट होतो, पण पुढचं हलणं त्याने थांबत नाही. हे मला रोज कुणालातरी सांगावं लागतं.

पळताना ही हालचाल नुसती वर-खाली नसते. बाजूंना होते, पुढे-मागेही होते. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठात स्तनांच्या आरोग्यावर काम करणारा एक गट आहे. त्यांनी मोजून दाखवलंय की हा मार्ग साधारण इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असतो. तासभर पळालं तर सुमारे दहा हजार पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला हा झोका. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटू बायकांना विचारलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जणींनी स्तन दुखतात असं सांगितलं होतं. त्यात लहान मापाच्याही होत्या. तेव्हा "माझं माप छोटं आहे, मला काय गरज" हे मनातून काढून टाका.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं की आधार खांद्यावरचे पट्टे देतात. नाही. मोठा भार छातीखालची आडवी पट्टी उचलते. ती सैल असेल तर सगळं वजन खांद्यांवर येतं, पट्टे रुततात, मान आखडते. माझ्याकडे मान-खांदे दुखतात म्हणून येणाऱ्या कितीतरी जणींची ब्रा पाठीमागून कमानीसारखी वर चढलेली असते. घातल्यावर आरशात बाजूने बघ. पट्टी पुढून मागे जमिनीला समांतर हवी. दुकानात एक करून बघायचं: दोन्ही पट्टे खांद्यांवरून उतरवायचे. खालची पट्टी जागची न हलता धरून राहिली तर ती तुझी.

ठाणेकर_धावते

रानजाईला अनुमोदन. मी जाड आहे, माझं माप मोठं आहे, आणि मी मुंबई मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर तीनदा पळाले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्पोर्ट्स ब्रा मुख्यतः दोन जातींच्या असतात. एक नुसती दाबणारी: डोक्यातून घालायची, सपाट, बनियनसारखी, सगळं छातीशी चेपून धरते. दुसरीत दोन वेगळे कप असतात, साध्या ब्रासारखे, पण जाड कापडाचे आणि वरपर्यंत झाकणारे. तिसरी या दोन्हींची मिळून. लहान मापाला पहिली पुरते. माझ्यासारखीला पहिली घातली की दोन्ही बाजू एकत्र होऊन एकच लोट हलतो आणि मधल्या भागात घाम साचून पुरळ येतं. कप वेगळे असलेली घातली त्या दिवशी मला कळलं की पळताना खांदे आवळायची गरज नसते. दहा वर्षं मी कोपर छातीशी चिकटवून पळत होते आणि कुणीही मला ते सांगितलं नव्हतं.

मोठ्या मापाला एस-एम-एल घेऊ नका. आकडा आणि अक्षर असलेलीच घ्या. मागे हूक असलेली घ्या. आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही: घामाने भिजलेली, डोक्यातून काढायची घट्ट ब्रा पळून आल्यावर निघत नाही. माझे हात थरथरत असताना ती मानेत अडकली होती आणि मी बाथरूममध्ये एकटी होते. फार भीती वाटली होती.

हूक असेल तर नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक सैल पडत जातं तसं आतल्या हुकावर यायचं. नवी असतानाच आतलं हूक लावावं लागलं तर ती तुम्हाला मोठी आहे.

पेडर रोडच्या चढापर्यंत पट्टीखाली खाज सुटते, घरी येऊन आंघोळीला बसलं की पाणी झोंबतं, तेव्हा कळतं की कातडी सोलली आहे. लांब पळायच्या दिवशी पट्टीखाली, काखेच्या कडेला आणि पट्ट्यांच्या शिवणीखाली व्हॅसलीन लावते. आणि शर्यतीच्या दिवशी नवी कोरी ब्रा कधीच नाही. आधी निदान दोन-तीन लांब पळण्यांत वापरून झालेली असली पाहिजे.

माणदेशी

कोपर छातीशी चिकटवून पळणं! मी काल मुलाला व्हिडिओ काढायला सांगितला. अगदी तसंच पळते मी.

रानजाई

माप राहिलंच. घरी शिवणकामाची टेप असेलच.

पहिलं माप छातीच्या लगेच खाली. टेप सगळीकडून आडवी, श्वास सोडून, नीट चिकटेल पण रुतणार नाही अशी. दुसरं माप सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप सैलसर, अंगात पातळ, पॅड नसलेली ब्रा ठेवून. समज खालचं ३३ इंच आलं आणि वरचं ३७. पट्टीचे आकडे समच असतात, म्हणून ३४. सदतीसमधून चौतीस गेले, राहिले तीन. एक इंच फरक म्हणजे ए, दोन बी, तीन सी, चार डी. म्हणजे ३४ सी.

गोंधळ होतो तो इथे. आपल्याकडे काही कंपन्यांचे तक्ते छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवायला सांगतात, काही सांगत नाहीत. त्यामुळे एकीकडे ३४ असलेली बाई दुसरीकडे ३८ होते. ज्या कंपनीची घेणार तिचाच तक्ता उघडायचा आणि आपली दोन मापं कागदावर लिहून समोर ठेवायची. परदेशी ब्रँडवर ७०, ७५, ८० असे आकडे दिसतात. ते सेंटिमीटरवरून आलेले. ७५ म्हणजे आपलं ३४, ८० म्हणजे ३६.

पट्टी घट्ट वाटली पण कप बरोबर बसला तर नुसता आकडा वाढवू नकोस, नाहीतर कपही मोठा होईल. पट्टी एक माप वर आणि अक्षर एक खाली: ३४ सी ऐवजी ३६ बी.

आणि घट्ट किती? पट्टीखाली दोन बोटं जेमतेम सरकली पाहिजेत आणि पोटभर श्वास घेता आला पाहिजे. मग हात वर कर, खाली वाक, दहा उड्या मार. पट्टी वर सरकली, काखेतून किंवा गळ्यातून मांस बाहेर आलं, तर नको. कपाला सुरकुत्या पडल्या तरी नको. रोजच्या ब्रापेक्षा घट्टच वाटेल, त्याला घाबरू नकोस. पण श्वास अडकत असेल तर ती चूक आहे.

निवांत_सकाळ

माझं वय ६३. पळत नाही, पण रोज पाऊण तास भरभर चालते आणि आमच्या सोसायटीत बायकांचा झुंबा असतो. मला डाव्या खांद्याचा फ्रोझन शोल्डर होता. हात वर जात नाही, मागेही जात नाही. डोक्यातून घालायची जमत नाही आणि मागचं हूकही लावता येत नाही. सुनेने पुढे चेन असलेली आणून दिली. आता कुणाच्या मदतीशिवाय घालते. वयस्कर मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

रानजाई

काकू, फार उपयोगी सांगितलंत. चेनच्या आत हूक किंवा कापडाची पट्टी आहे ना ते बघा, म्हणजे चेन त्वचेला लागणार नाही. बसलेल्या स्थितीत, ब्रा आधी थोडी पुढे ओढून चेन लावली तर खांद्यावर ताण येत नाही. चालायला आणि योगासनांना मध्यम आधाराची पुरते. झुंब्यात उड्या असतील तर थोडी जास्त आधाराची घ्या.

गोदाकाठ

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचा पोलीस भरतीचा सराव घेते. हा धागा वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या पोरींच्या मैदानी परीक्षेत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. मिळून ५० गुण. त्यातले २० एकट्या आठशेचे. दोन-चार सेकंदांनी गुण जातात, आणि एका गुणाने पोरगी यादीबाहेर राहते. ती पोरगी मग शेतात परत जाते किंवा तिचं लग्न होतं. आमच्याकडे मैदानाची किंमत एवढी आहे.

पहाटे पाचला कॉलेजच्या ग्राउंडवर पंचवीस-तीस मुली येतात. बूट कुठले घ्यावेत यावर तासभर बोलतात. आतल्या कपड्याबद्दल एक शब्द नाही. कुणी दोन ब्रा एकावर एक घालते. कुणी घट्ट स्लिप. एकीने तर ओढणी छातीला गुंडाळून वरून टी-शर्ट घातला होता. पाचशे मीटरनंतर तिला श्वास घेता येईना, बाजूला जाऊन बसली. मी ओरडले तिला, स्टॅमिना नाही म्हणून. नंतर ती दुसऱ्या मुलीशी बोलताना मला कळलं. त्या दिवशी मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी घरी जाऊन तिला फोन केला आणि माफी मागितली.

ग्राउंडच्या कठड्यावर पोरं बसलेली असतात. पोरी पळताना खांदे पुढे घेतात, पाठ वाकवतात, हात मोकळा सोडत नाहीत. मी महिने-महिने "हात मार, हात मार" म्हणून ओरडत राहिले. हात का मारत नाही, ते विचारलंच नव्हतं मी.

आता मी महिन्यातून एकदा फक्त मुलींना बसवते आणि टेप घेऊन या विषयावर बोलते. पहिल्यांदा सगळ्या खाली माना घालून बसल्या. शेवटी एकीने विचारलं, "मॅडम, पाळीच्या आधी जास्त दुखतं ते पण याच्यामुळं का?" मग थांबल्याच नाहीत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला इथून हवंय. आणि चारशे-पाचशे रुपयांच्या आत काय घ्यावं तेही.

रानजाई

गोदाकाठ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुम्ही विचारायला सुरुवात केलीत, ते त्या मुली विसरणार नाहीत.

पाळीच्या आधी आठवडाभर संप्रेरकांमुळे स्तन जड होतात, दुखरे होतात. काहींचा घेर तात्पुरता वाढतो. ते ब्रामुळे नसतं, पण आधार नसेल तर जास्त जाणवतं. त्या दिवसांत हूक एक घर बाहेर घ्यायचं. एखादी गाठ लागली, एकाच जागी सतत दुखत राहिलं, बोंडातून स्राव आला तर मात्र लगेच डॉक्टरकडे, वय कितीही कमी असलं तरी.

ओढणी किंवा क्रेप बँडेज गुंडाळणं बंदच करायला सांगा. बरगड्या फुगायला जागाच राहत नाही, तर आठशे मीटर पळणार कशी?

ठाणेकर_धावते

गोदाकाठताई, चारशे-पाचशेत सडपातळ मुलींसाठी दाबणारी, रुंद पट्टीची मिळते. डिकॅथलॉनमध्ये घालून बघता येते ही मोठी सोय आहे. तुमच्या जवळच्या शहरात दुकान असेल तर भरतीच्या मुलींना एकदा एकत्र घेऊन जा. तिथे नुसतं माप नक्की करायला जमलं तरी निम्मं काम झालं.

घेताना हाताने ओढून बघायचं: खालची पट्टी कमी ताणली पाहिजे, कपाचं कापड जवळपास ताणूच नये. सगळीकडून च्युइंगमसारखी ताणते ती दिसायला स्पोर्ट्स ब्रा असते, आधार देत नाही. ज्या मुलींचं माप मोठं आहे त्यांना त्या पैशांत चांगली मिळणं कठीण आहे. त्यांच्यासाठी आम्ही ठाण्याच्या ग्रुपमधल्या काही जणी मिळून नव्या घेऊन देऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

वाऱ्यावरची_वरात_नको

पॅडबद्दल कुणी लिहिलं नाही. मला काढता येणारे पॅड अजिबात आवडत नाहीत. धुताना गोळा होतात, घाम पितात, वाळत नाहीत.

आषाढसरी

मला हवेत. पॅड नसले तर मला संकोच वाटतो आणि लक्ष पळण्याऐवजी टी-शर्टकडे जातं. पॅडने आधार वाढत नाही हे मान्य. पण मन निवांत राहणं हाही आधारच आहे. मी पॅड काढून वेगळे धुते, सपाट ठेवून वाळवते.

धुण्याबद्दल लिहिते, कारण मी रत्नागिरीची आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे काही वाळत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी ओलसर ब्रा तशीच घालून पळायचे. छातीखाली लाल चट्टे, जळजळ. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुरशीचा संसर्ग. दमट घडीत तो पटकन होतो. औषधाने गेला, पण त्यांनी बजावलं की पूर्ण सुकलेली असल्याशिवाय घालायची नाही आणि घरी आल्यावर घामेजलेली अंगावर ठेवून चहा करत बसायचं नाही.

आता तीन ठेवल्या आहेत, आळीपाळीने. सुती नाही, पॉलिएस्टर-स्पॅन्डेक्सच्या. सुती कापड रोजच्यासाठी चांगलं, पण घाम पिऊन जड होतं आणि मग घासतं. घरी आले की लगेच गार पाण्यात हाताने धुते. गरम पाणी नाही, पिळून काढायची नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते, मग पंख्याखाली. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव तर नकोच. त्याचा थर कापडावर बसतो आणि घाम शोषला जात नाही. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. ड्रायरमध्ये आणि कडक उन्हात इलॅस्टिक मरतं.

किती दिवस टिकते? दिवसांवर नाही, धुण्यांवर आणि वापरावर. आतल्या हुकावरही पट्टी वर सरकायला लागली की तिला निरोप द्यायचा, कापड कितीही नवं दिसो.

बाळाची_आई_बेंगळुरू

माझं बाळ सात महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा पळायला लागले. जुनी घट्ट स्पोर्ट्स ब्रा घातली, दोन दिवसांत एका बाजूला दूध साठून दगडासारखी गाठ आणि ताप. अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनो, बाळाला पाजून किंवा दूध काढूनच पळायला जा, आणि बरोबर मापाची, पुढून कप उघडणारी घ्या. बाळंतपणाआधीचं माप विसरा, नव्याने मोजा. घरी आल्यावर पाच मिनिटंही ती अंगावर ठेवत नाही मी आता.

समई

मी फारशी लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी माझा उजवा स्तन काढला. किमोनंतर चालणं सुरू केलं, आता बॅडमिंटन खेळते. मला वाटायचं की या विषयात मला आता काही जागा नाही.

जागा आहे. आत कप्पा असलेल्या ब्रा मिळतात, त्यात कृत्रिम स्तन बसवता येतो. तो खेळताना सरकू नये म्हणून कप्पा पूर्ण बंद होणारा हवा. व्रणावरून शिवण जाणार नाही अशी बघायची. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका असतो, त्यामुळे त्या बाजूचा पट्टा रुंद, मऊ, आणि काखेत कुठेही न रुतणारा हवा. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आणि एक. मला उपचारांच्या काळात तीन-चार जणींनी सांगितलं की घट्ट ब्रा घातल्याने असं होतं. मी कितीतरी रात्री स्वतःला दोष देत जागी राहिले. ते खरं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत यावर नीट अभ्यास झाला आणि ब्रा घालण्याचा स्तनांच्या कर्करोगाशी काही संबंध आढळला नाही. कृपया कुणालाही असं बोलू नका.

माणदेशी

समई, तुम्ही लिहिलंत. मनापासून आभार.

थेम्सकाठी

मी लंडनजवळ राहते. इथे मोठ्या दुकानांत माप घेणाऱ्या बायका असतात, तुम्ही ट्रायल रूममध्ये उडी मारून बघता, कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. पहिल्यांदा मी लाजेने घामाघूम झाले होते. पंधरा मिनिटांत तिने मला सांगितलं की मी आयुष्यभर दोन मापं मोठी पट्टी वापरत आले आहे.

पण इथेही मुलींची स्थिती वेगळी नाही. पोर्टस्मथच्याच लोकांनी इंग्लंडमधल्या ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना विचारलं होतं. ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे त्यांच्या खेळात भाग घेण्यावर काहीतरी परिणाम होतो. गोदाकाठताईंच्या ग्राउंडवरच्या मुली आणि या मुली एकाच गोष्टीने अडल्या आहेत.

ही वस्तू किती अलीकडची आहे याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. १९७७ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल नावाच्या बाईंना पळताना हाच त्रास व्हायचा. पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघी नाटकाचे कपडे शिवण्याच्या कामातल्या. तिघींनी मिळून पुरुष खेळाडू घालतात ते दोन सपोर्टर एकत्र शिवले, एकाचा एक कप, दुसऱ्याचा दुसरा, आणि पट्टे पाठीवर फुलीसारखे घेतले. लिसा ते घालून पळाल्या. त्याचं नाव जॉगब्रा. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायची होती अजून, ती आली १९८४ मध्ये. २०२२ मध्ये तिघींची नावं अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये गेली. आपल्या आयांच्या पिढीला ही वस्तू मिळणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपल्याला काही सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

मैदान

नमस्कार. मी पुरुष आहे. या धाग्यावर लिहावं का याचा बराच विचार केला. चुकीचं वाटलं तर सांगा, प्रतिसाद काढून टाकीन.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, खो-खो खेळते. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. घरी मी, ती आणि माझे वडील. यंदा जिल्हा संघात निवड झाली आणि आता ती सरावाला जायला टाळाटाळ करते. काही सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी जिंकला, तेव्हा ती टीव्हीसमोरून हलली नव्हती. तेव्हा खेळाचा कंटाळा आलाय असं मला वाटत नाही. हा धागा वाचून शंका आली. मी काय करू शकतो?

गोदाकाठ

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. काढू नका प्रतिसाद.

तिला समोर बसवून चौकशी करू नका. शिवणकामाची एक टेप आणा. रानजाईंनी वर लिहिलंय ते माप घेण्याचं एका कागदावर उतरवून काढा. दोन्ही तिच्या टेबलावर ठेवा आणि एवढंच सांगा, "खेळाच्या कपड्यांसाठी तुझं तू माप घे आणि आकडे लिहून दे." तिला बोलायची गरज पडू देऊ नका. मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, कुणी विश्वासाचं असेल तर त्यांना सांगून ठेवा, म्हणजे विचारायचं असलं तर दार उघडं राहील.

खो-खोत पोटावर सूर मारावा लागतो. त्यामुळे पुढे हूक, चेन, कडक बकल काहीही नको. पट्टे सपाट शिवलेले, पाठीवर फुलीचे, म्हणजे खांद्यावरून घसरत नाहीत. या वयात माप लवकर बदलतं. दर पाच-सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगा, आणि मोठी होईल म्हणून सैल घेऊ नका.

माणदेशी

माझं सांगते. माप ३३ आणि ३७ च आलं, रानजाईच्या उदाहरणासारखं! इतकी वर्षं मी ३८ वापरत होते. पुण्याला गेले, चार घालून बघितल्या, ट्रायल रूममध्ये उड्या मारल्या. ३४ सी, वेगळे कप, मागे हूक, पट्टे कमी-जास्त करता येणारे. पहिल्या दिवशी घट्ट वाटली, दुसऱ्या दिवशी विसरून गेले. रविवारी आठ किलोमीटर झाले. काखेकडचं दुखणं नाही. उजव्या बाजूला शिवणीखाली थोडं घासलं, पुढच्या वेळी व्हॅसलीन लावीन.

रानजाई

शिवण टोचतच राहिली तर उलटी घालून एकदा पळून बघ. विचित्र वाटेल, पण लांब पळणाऱ्या काही जणी तसंच करतात.

मैदान

गोदाकाठताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. टेप आणि कागद ठेवला. दोन दिवस काही नाही. आज सकाळी माझ्या डब्याखाली चिठ्ठी होती. दोन आकडे, इंचांत, आणि खाली लिहिलंय: "काळी किंवा निळी. पांढरी नको. दोन लागतील, सराव रोज असतो."